ओढ्याचाही केसपेपर काढा

पुण्यातल्या आंबिल ओढ्यावर औंढा नागनाथच्या डॉक्टराने लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण पावसाळ्यात आमच्या बाह्यरुग्ण विभागात जुलाब, कावीळ आणि तापाच्या रुग्णांची रांग लागते, तेव्हा केसपेपरवर नाव, वय आणि गाव लिहिले जाते. पाणी कुठले पिता, हेही आम्ही विचारतो. घराजवळून ओढा किंवा नाला जातो का, त्यातून तुमची नळाची पाइपलाइन गेली आहे का, मागच्या पंधरवड्यात त्याचे पाणी घरात शिरले होते का, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. ते विचारायला हवेत. गावातून वाहणारा ओढा हा बांधकाम विभागाचा जेवढा विषय आहे तेवढाच तो आरोग्य विभागाचाही आहे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. आंबिल ओढा त्यासाठी उपयोगी पडतो, कारण एका लहानशा ओढ्याचे शहराने काय काय केले आणि ओढ्याने शहराला काय परत दिले, याचा जवळजवळ पावणेतीनशे वर्षांचा हिशेब तिथे पाहायला मिळतो.

ओढ्याने वाट बदलली, पाण्याने नाही

आंबिल ओढा पुण्याच्या दक्षिणेला कात्रजच्या डोंगरात उगम पावतो. तिथून उत्तरेकडे उतरत, कात्रजच्या तलावांतून पुढे सहकारनगर, पर्वती, दांडेकर पूल असा येऊन तो मुठा नदीला मिळतो. लांबीने लहान, उन्हाळ्यात जेमतेम ओला, पण डोंगरउतारामुळे पावसात एकदम फुगणारा. आपल्याकडचे ओढे असेच असतात, म्हणून त्याचा स्वभाव आपल्याला ओळखीचा वाटेल.

पूर्वी हा ओढा आजच्या पुण्याच्या मध्यवस्तीतून वाहत जाऊन मुठेला मिळत असे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळवला गेला. पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले. जुन्या पात्राची जागा मोकळी झाली आणि तिथे वस्ती वाढली. त्याच काळात कात्रजला तलाव बांधून, तिथले पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आणले गेले. वाटेत हवा खेळती राहावी आणि गाळ काढता यावा म्हणून उच्छ्वास ठेवले होते. म्हणजे एकाच डोंगराचे पिण्याचे पाणी बंद नळातून आणि पुराचे पाणी उघड्या ओढ्यातून, अशी दोन पाण्यांची दोन वेगळी वाट त्या व्यवस्थेत होती. आरोग्याच्या दृष्टीने मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. पिण्याचे पाणी आणि वाहून जाणारे पाणी एकमेकांना भेटू द्यायचे नाही, हे सार्वजनिक आरोग्याचे पहिले सूत्र, जंतूंमुळे रोग होतात हे सिद्ध होण्याच्या शंभर वर्षे आधी तिथे पाळले गेले होते.

पुढे शहर वाढत गेले. पर्वतीखालचे तळे आटवून तिथे आजची सारसबाग झाली. म्हणजे पाण्याला थांबायची एक जागा कमी झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटून पुण्यात हाहाकार झाला. घरे गमावलेल्या हजारो कुटुंबांचे पुनर्वसन करताना ज्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतल्या काही सहकारनगर-पर्वतीच्या परिसरात, म्हणजे याच ओढ्याच्या शेजारी आल्या. एका पुरातून उठलेली माणसे दुसऱ्या प्रवाहाच्या काठावर बसली. तेव्हा तो प्रवाह किरकोळ वाटत होता.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो किरकोळ राहिला नाही. कात्रजच्या बाजूला काही तासांत प्रचंड पाऊस झाला. ओढ्याकाठच्या टांगेवाले कॉलनी, अरण्येश्वर, सहकारनगर या भागांत मध्यरात्री पाणी घुसले, सीमाभिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या. त्या एका रात्रीत पुणे शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. धरण फुटले नव्हते, मोठ्या नदीला महापूर आला नव्हता. शहरातल्या अनेकांना नावही ठाऊक नसलेल्या एका ओढ्याने हे केले.

पाण्याचे साधे गणित

हे कसे होते, ते कळायला अभियंता असण्याची गरज नाही. एक चौरस किलोमीटर जमिनीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, की पाच कोटी लिटर पाणी होते. जमीन मोकळी असेल, झाडे-गवत असेल, तर त्यातले बरेचसे मुरते आणि उरलेले सावकाश वाहते. तिथे छपरे, फरशी आणि डांबर झाले, की बहुतेक सगळे पाणी वाहते आणि तेही एकदम. त्याच वेळी ओढ्याचे पात्र दोन्ही बाजूंनी भराव टाकून निम्मे केलेले असते, पुलाखालची मोरी प्लास्टिक आणि फांद्यांनी तुंबलेली असते. वरून पाणी वाढले आणि खालची वाट अरुंद झाली, म्हणजे मधल्या माणसांच्या घरात ते शिरणारच.

या मधल्या माणसांविषयी बोलले पाहिजे. पूर आला की पहिले बोट काठावरच्या झोपड्यांकडे जाते. जून २०२१ मध्ये पुण्यात दांडेकर पुलाजवळ आंबिल ओढ्याचा प्रवाह सरळ करण्याच्या कामासाठी काठावरची घरे ऐन पावसाळ्यात पाडली गेली. मोठा विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि कारवाईला स्थगिती मिळाली. पात्रात घर असू नये, हे मला मान्यच आहे. तिथे राहणे जिवाला धोक्याचे आहे. पण काठावरचा माणूस पूर तयार करत नाही. पूर तयार होतो वर, जिथे टेकडी फोडून, ओघळ बुजवून, परवानगीने आणि परवानगीवाचून बांधकामे झाली तिथे. वरच्याने बांधायचे आणि खालच्याने बुडायचे, असा हा व्यवहार आहे. काठावरच्या कुटुंबाला हलवायचेच असेल तर आधी दुसरे घर आणि मग जुने घर रिकामे, हा क्रम आरोग्याच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. पावसात उघड्यावर आलेल्या कुटुंबात पहिल्यांदा आजारी पडते ते लेकरू, आणि ते आमच्याकडे येते.

आपला जिल्हा यातून सुटलेला नाही. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंदा गावात पुराचे पाणी शिरून संसार वाहून गेले, ते अजून कोणी विसरलेले नाही.

ओढ्याचा नाला आणि नाल्याचे गटार

पूर वर्षातून एखादे वेळी येतो. सांडपाणी रोज येते. गावात नळयोजना झाली की पाण्याचा वापर वाढतो, ही चांगली गोष्ट आहे. हात धुणे, आंघोळ, शौचालय यांनी आजार कमी होतात. पण घरात आलेल्या पाण्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. भुयारी गटार नसलेल्या लहान शहरासाठी माणशी ७० लिटर पाण्याचे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने दहा हजार वस्तीच्या गावातून रोज साडेपाच लाख लिटरहून अधिक सांडपाणी निघते. ते जाते कुठे? उताराने, म्हणजे ओढ्यात. जो ओढा पूर्वी चार-सहा महिने वाहायचा आणि मग कोरडा पडायचा, तो आता बारा महिने ओला असतो. फरक एवढाच, की त्यातले पाणी डोंगराचे नसते, आपल्या मोऱ्यांचे असते. लोकांच्या बोलण्यातही हा बदल दिसतो. आजोबा ज्याला वढा म्हणत, त्याला मुलगा नाला म्हणतो आणि नातू गटार म्हणतो. जागा तीच.

शौचालये वाढली, तरी सेप्टिक टँकचे बाहेर पडणारे पाणी अनेक ठिकाणी उघड्या नालीला जोडलेले असते. टँकमध्ये मैला खाली बसतो, पण वरून निघणाऱ्या पाण्यात जंतू आणि विषाणू भरपूर असतात. दिसायला ते पाणी फारसे घाण नसते, त्यामुळे त्याचे कुणाला भय वाटत नाही.

आता हे नालीतले पाणी नळात कसे येते ते पाहू. मराठवाड्यात नळाला चोवीस तास पाणी येत नाही. कुठे दिवसाआड, कुठे आठवड्याने येते. पाणी सुरू असताना पाइपात दाब असतो, तेव्हा गळतीतून पाणी बाहेर जाते. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो, दाब पडतो, आणि त्याच गळतीतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पाइप ज्या ठिकाणी नाली किंवा नाला ओलांडतो तिथे हे बाहेरचे पाणी म्हणजे सांडपाणी असते. त्यात कुणी घरात नळाला थेट मोटार लावली, तर शोषण आणखी वाढते आणि शेजाऱ्याच्याही घरी दूषित पाणी जाते. पुढच्या खेपेला नळ सुटतो तेव्हा पहिल्या काही मिनिटांचे पाणी सर्वांत दूषित असते. आणि पाण्याची टंचाई असल्यामुळे नेमके तेच पाणी आधी भांड्यात भरले जाते.

एका नाल्याने संपूर्ण शहराला आजारी पाडल्याचे उदाहरण आपल्या देशात घडले आहे आणि वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत ते नोंदलेले आहे. दिल्लीचा नजफगढ नाला हा मुळात साहिबी नदीचा प्रवाह. शहराने त्याचा नाला केला. १९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेचे पात्र सरकले आणि या नाल्याचे मैलापाणी उलटे फिरून वझीराबादच्या पाणी उपसा केंद्रापाशी पोहोचले. कर्मचाऱ्यांच्या ते लक्षात आले, त्यांनी क्लोरीन वाढवले. विषमज्वर किंवा जुलाबाची मोठी लाट आली नाही, त्यामुळे संकट टळले असे वाटले. पण काही आठवड्यांनी, डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ दरम्यान, दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. हा आज आपण ज्याला हिपॅटायटिस ई म्हणतो तो आजार होता. त्याचा विषाणू सापडायला पुढे जवळजवळ तीन दशके लागली.

या घटनेत आपल्यासाठी दोन धडे आहेत. पहिला असा, की टीसीएल पावडर टाकली म्हणजे काम झाले असे नाही. गढूळ आणि मैलामिश्रित पाण्यात क्लोरीनची ताकद सेंद्रिय घाणीवरच खर्च होते आणि विषाणू जिवाणूंपेक्षा चिवट असतात. म्हणूनच पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाच्या टोकाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर शिल्लक क्लोरीन सांगितले असले, तरी विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा ते ०.५ ठेवायला सांगितले आहे. दुसरा धडा वेळेचा. हिपॅटायटिस ईची लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. श्रावणात नाला तुंबला तर कावीळ भाद्रपदात किंवा आश्विनात दिसते. तोवर नाला ओसरलेला असतो, गळती कुणीतरी दुरुस्त केलेली असते आणि आपण बाहेरच्या भेळीला दोष देऊन मोकळे होतो.

हा आजार बहुतेकांना सहा-आठ आठवड्यांत सोडतो. पण गर्भवतीला शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर तो अत्यंत घातक ठरतो; अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शंभरात वीस-पंचवीसपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे गावात काविळीचे दोन-तीन रुग्ण एकाच गल्लीत दिसले की आशाताईंनी त्या गल्लीतल्या गर्भवतींची यादी आधी हातात घ्यावी, त्यांना उकळून गार केलेलेच पाणी प्यायला सांगावे. आणि घरच्यांनीही काविळीची माळ किंवा मंत्र यांत दिवस घालवू नयेत.

नाल्याचा दोष किती, आपला किती

नाल्यावर आपण काही आरोप चुकीचेही करतो. डेंग्यूचे रुग्ण वाढले, की नाल्याकाठी धुरळणीची मागणी होते. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि तो वाढतो तुलनेने स्वच्छ, साचलेल्या पाण्यात: रांजण, टाकी, कूलर, छतावरचा टायर. नळ आठवड्याने येत असेल तर घरोघरी पिंपे भरून ठेवली जातात आणि एडिसची सोय होते. नाल्यातल्या काळ्या पाण्यात वाढतो तो क्युलेक्स, जो रात्री चावतो आणि हत्तीरोग पसरवतो. नाल्याचा डेंग्यूशी संबंध आहे तो वेगळाच: काठावर टाकलेले कप, करवंट्या, फुटके डबे यांत पावसाचे पाणी साचते आणि तिथे एडिस अंडी घालतो. म्हणजे धूर सोडण्यापेक्षा कचरा उचलणे अधिक उपयोगाचे.

पुराच्या पाण्यातून येणारा आणखी एक आजार म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या लघवीतले जंतू पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून, भेगांतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी फुगली, आणि पुढच्या आठवड्यांत तिथल्या रुग्णालयांत या तापाचे रुग्ण मोठ्या संख्येने आले. मिठी हीदेखील लहानच नदी, तिलाही शहराने नाला करून टाकले होते. आपल्याकडे साचलेल्या घाण पाण्यातून अनवाणी चालावे लागले असेल आणि आठवडा-पंधरवड्यात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना पाण्यात चालल्याचे आवर्जून सांगा. ते एक वाक्य निदान सोपे करते.

स्लॅब टाकून प्रश्न झाकला जातो

नाल्याचा त्रास वाढला की दोन उपाय पुढे येतात. एक, नाला सिमेंटने बांधून सरळ करणे. दोन, वर स्लॅब टाकणे, म्हणजे रस्ता रुंद होईल, दुकाने काढता येतील, वासही येणार नाही. दोन्ही उपाय लोकांना आवडतात, कारण ते दिसतात. माझा दोन्हीला विरोध आहे.

सरळ, गुळगुळीत नाल्यातून पाणी वेगाने जाते आणि पुढच्या वस्तीवर आदळते. तळाला सिमेंट केले की पाणी मुरणे थांबते, काठच्या विहिरी आणि बोअर उन्हाळ्यात लवकर आटतात. मराठवाड्यात हे परवडणारे नाही. स्लॅब टाकला की आतला गाळ काढता येत नाही, आत कुणी काय जोडले ते दिसत नाही, आणि साफसफाईसाठी माणूस उतरवावा लागतो. बंद गटारात विषारी वायूने गुदमरून सफाई कामगार मरतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचतोच.

मग पैसे कुठून आणायचे, असा प्रश्न येतो. तो खरा आहे. पण सगळेच उपाय महाग नाहीत. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले, उघड्या नाल्या बंद झाल्या, डास हटले. पुढे रोजगार हमीतून हे काम इतर गावांत नेले गेले आणि ते नांदेड पॅटर्न म्हणून ओळखले गेले. यात एक पथ्य मात्र पाळावे लागते. शोषखडा आंघोळीच्या आणि धुण्याभांड्यांच्या पाण्यासाठी असतो. शौचालयाचे पाणी त्यात सोडायचे नाही, आणि खड्डा विहीर किंवा हातपंपापासून दूर हवा. आपल्याकडचा खडक काळा, भेगाळ आहे. भेगेतून घाण पाणी दूरवर जाऊ शकते.

मोठ्या शहरासाठी मराठवाड्यातलेच उदाहरण छत्रपती संभाजीनगरच्या खाम नदीचे आहे. पाणचक्कीजवळून वाहणारी ही लहान नदी पुढे गोदावरीला, नाथसागराच्या बाजूला जाऊन मिळते. शहर पिण्याचे पाणी आणते तेही नाथसागरातूनच. आपणच सोडलेले पाणी फिरून आपल्याच दिशेने जाते, हे तिथे नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. अलीकडच्या वर्षांत महापालिका, संस्था आणि नागरिक यांनी मिळून खामचा काठ साफ करायला, सांडपाणी अडवायला सुरुवात केली. काम पूर्ण झालेले नाही, पण कचऱ्याने भरलेल्या काठावर माणसे पुन्हा फिरू लागली.

औंढ्याला अजून वेळ आहे

पुण्याला आता आंबिल ओढ्याची जागा परत मिळणे फार अवघड आहे. आपल्याला ती अजून शिल्लक आहे. औंढा हे ज्योतिर्लिंगाचे गाव. श्रावणात आणि महाशिवरात्रीला इथे लाखो पावले येतात, त्यांचे पाणी, शौच, कचरा हे सगळे याच जमिनीवर उतरते. आता तालुक्यात दुधाळ्याजवळ लिगो प्रकल्प उभा राहतो आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. माणसे येतील, प्लॉट पडतील, टेकड्यांच्या उतारावरच्या ओघळी बुजवून लेआउट होतील. दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळल्याची थरथर मोजणारे यंत्र ज्या तालुक्यात येते आहे, तिथे गावातल्या ओढ्यात काय वाहते ते कुणी मोजत नसेल, तर ते शोभणार नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. गावच्या जुन्या नकाशावर ओढे आणि नाले काढलेले असतात, सातबाऱ्यावर पोटखराबा नोंदलेला असतो. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून नगरपंचायतीने ओढ्याच्या हद्दीवर दगड रोवावेत आणि त्या हद्दीत यापुढे एकही बांधकाम परवानगी देऊ नये. नळाची पाइपलाइन जिथे जिथे नाली किंवा नाला ओलांडते, त्या प्रत्येक जागेची यादी करून मृगाच्या आधी ती तपासावी आणि पाइप नाल्याच्या वरून, लोखंडी आवरणातून न्यावा. नळाच्या शेवटच्या टोकाच्या घरातले शिल्लक क्लोरीन मोजून ते आकडे नगरपंचायतीच्या फलकावर लावावेत. टाकीजवळचे नमुने सगळीकडेच चांगले येतात. ओढ्याच्या पाण्याचा नमुना गावात शिरताना आणि गावातून बाहेर पडताना, दोन ठिकाणी, वर्षातून निदान चार वेळा तपासावा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे आपल्या गावाने ओढ्यात घातलेली भर. आणि जुलाब-काविळीचे रुग्ण दवाखान्यात येतील तेव्हा त्यांचा पत्ता गल्लीपर्यंत लिहून तो ओढ्याच्या नकाशावर मांडावा. हे शेवटचे काम आम्हा आरोग्य खात्याच्या लोकांचे आहे आणि त्याला एक नकाशा, काही टाचण्या आणि थोडी शिस्त एवढेच लागते.

घरच्यांसाठीही थोडे सांगतो. नळ सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे आलेले पाणी सांडण्यासाठी, शौचालयासाठी वेगळे भरा. पिण्याचे त्यानंतर भरा. पावसाळ्यात पिण्याचे पाणी खळखळून उकळा, निदान एक मिनिट. नळाला थेट मोटार लावू नका. सेप्टिक टँकचे तोंड नालीत उघडले असेल तर ते बंद करून घ्या. आणि घरामागून ओढा जात असेल तर त्यात भराव टाकून दहा फूट जागा वाढवण्याचा मोह आवरा, कारण ती जागा पाणी एक दिवस परत मागते.

आपल्या जिल्ह्यात नामदेवांची नरसी कयाधूच्या काठी आहे आणि परंपरेप्रमाणे त्यांना गुरू भेटले ते इथे, औंढ्याच्या देवळात. तालुक्यातला कुठलाही ओढा कुठल्याही वाटेने गेला तरी त्याचे पाणी शेवटी गोदावरीच्या खोऱ्यात जाते, आणि वाटेत ते कुणीतरी पितेच. पावसाळा दरवर्षी ठरल्या वेळी येतो. त्याआधी, मे महिन्यात, ओढा कोरडा असताना नगरपंचायतीचे पदाधिकारी, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी, आशाताई आणि दवाखान्यातला एक डॉक्टर यांनी एकत्र ओढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावे. सकाळचे दोन-तीन तास लागतील. कोणत्या मोऱ्या तुंबल्या आहेत, कुठे पाइप उघडा पडला आहे आणि कुणाचे घर पाण्याच्या वाटेत आहे, ते वहीत लिहून घ्यावे. तोच ओढ्याचा केसपेपर. त्यानंतर काय उपचार करायचे, ते ठरवणे फारसे अवघड नाही.